आबांच्या नावाचा कंस

महसूल खात्यातील माणसास पूर्वी एक गोष्ट नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकविली जात असे. खातेदार मयत झाला म्हणजे सातबाऱ्यावरील त्याचे नाव खोडावयाचे नाही. त्या नावास कंस करावयाचा, जवळ फेरफाराचा क्रमांक लिहावयाचा आणि खाली वारसांची नावे घ्यावयाची. अंबड तहसिलीत व शेजारच्या तालुक्यांत मिळून ३४ वर्षे कारकुनी केली. त्या अवधीत असे किती कंस डोळ्यांखालून गेले याची मोजदाद नाही. त्यांपैकी एक मात्र विसरता आलेला नाही. तो माझ्या आजोबांच्या नावाचा.

शेतकरी बंधूंच्या मासिकात घरगुती हकीकत मांडावी की नाही याविषयी मी पुष्कळ दिवस साशंक होतो. माझे शिक्षण मराठी शाळेतले, आणि आयुष्यभर लिहिले ते अर्जांवरील शेरे व टिपणी. तथापि ही हकीकत जमिनीची आहे, आणि ज्या कागदावरून ती घडली तसला कागद वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी होतोच. सबब लिहितो.

आजोबांस आम्ही आबा म्हणत असू. गाव त्यांस मिलटरीवाले म्हणे. अंगकाठी सडपातळ, मिशा आखूड, आणि चाल अशी की सत्तरी उलटल्यावरही बांधावरून त्यांच्या मागे चालताना आम्हा पोरांस धावावे लागे. मराठा लाइट इन्फंट्रीत शिकलेली ती जलद चाल त्यांच्या पायांतून शेवटपर्यंत गेली नाही. पहाटे चारला उठत, स्वतःचे अंथरूण स्वतः घडी घालीत, आणि घडीच्या कडा जुळल्या नाहीत तर पुन्हा उलगडीत. आजी यावरून त्यांची थट्टा करी.

आमचे गाव अंबडच्या उत्तर अंगास, माळरानाकडे. पुढे जायकवाडीचा डावा कालवा तालुक्यातून गेला, परंतु आमचे शिवार त्याच्या वरच्या अंगास राहिले. पाणी आले ते खालच्यांस. १९४१ साली तर कालव्याचे स्वप्नही कोणास नव्हते. अंबड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. घरी ११ एकर जमीन, त्यातली निम्मी मुरमाड, बैल एकच, आणि सावकाराचे देणे. वडील वारलेले. आबा त्या वेळी वीस वर्षांचे असतील. जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नव्हती, पलटणीने अंदाजाने लिहिली तीच पुढे खरी झाली. एके दिवशी ते घरी न सांगता पैठणावरून शेवगाव गाठून, म्हणजे निजामाची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात शिरून, अहमदनगरास, आताच्या अहिल्यानगरास, पायी गेले आणि भरती झाले. तेथून बेळगावी मराठा पलटणीच्या केंद्रात.

घरी न सांगता, असे वर लिहिले, ते सर्वस्वी खरे नाही. एका माणसास त्यांनी सांगितले होते. ती त्यांची थोरली बहीण. तिला आम्ही जिजी म्हणत असू. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वैधव्य येऊन ती माहेरी परतली होती. आबांनी तिला विचारले, "मी गेलो तर रान कोण पाहील?" ती म्हणाली, "तू पैसा धाड. रान मी पाहते."

तिने पाहिले म्हणजे काय केले, हे आजच्या वाचकास नीट कळावे म्हणून थोडे सांगावे लागेल. आमच्या भागात पेरणीस पुरुषाने तिफण हाकावी आणि बाईने चाडे धरावे अशी रीत. बाईने नांगरास व तिफणीच्या रुमण्यास हात लावला तर पाऊस रुसतो, अशी समजूत. पहिल्या वर्षी जिजीने गडी लावला. दुसऱ्या वर्षी गड्यास द्यावयास काही नव्हते, म्हणून शेजारणीच्या हाती चाडे देऊन तिने स्वतः तिफण धरली. त्या वर्षी पाऊस लांबला. गावाने बोल लावावयाचा तो लावला. पुढे पाऊस आला, ज्वारी बरी पिकली, आणि बोलणारे गप्प झाले. पण ते तिची क्षमा मागावयास आले नाहीत हे आबा आवर्जून सांगत. बेळगावाहून आबांची मनिऑर्डर येई ती घेण्यास जिजी अंबडास चालत जाई. तेव्हा आमच्याकडे हाली सिक्का चालत असे, आणि इंग्रजी कलदार रुपयास जास्त भाव होता: १०० कलदारांस सुमारे ११६ हाली. व्यापारी बाईमाणूस पाहून ११० वर बोळवण करू पाही. जिजीस अक्षर येत नव्हते, हिशेब मात्र येत होता. ती कलदार पदरात बांधून परत निघे, मग व्यापारी हाक मारी. तीन वर्षांत तिने सावकाराचे देणे फेडून दुसरा बैल घेतला.

इकडे आबा १९४३च्या सप्टेंबरात आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर इटलीच्या तरांतो बंदरी उतरले. ते होते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत. हिलाच जंगी पलटण म्हणतात, आणि तिची स्थापना १७६८ सालची. सांग्रो नदी, मोरो नदी, डोंगरातले दोन हिवाळे. लढाईच्या गोष्टी आम्ही हट्टाने विचारीत असू, आणि आबा हटकून शेतीच्या सांगत. चिखल इतका की खेचराचा पाय निघत नसे, एवढे सांगून लगेच म्हणत, "पण माती फार चांगली." तिकडे पोपई वा मोसंबी नव्हे, तर द्राक्षाचा वेल झाडांच्या रांगांवर चढवितात, दोन झाडांमध्ये वेलांचे तोरण लावतात, आणि खालच्या पट्टीत गहू पेरतात, हे त्यांस फार आवडले होते. बैल पांढरे, थोराड, आपल्या खिलारापेक्षा अंगाने दुप्पट. घराच्या खालच्या मजल्यात गोठा, वर माणसे, म्हणजे हिवाळ्यात जनावरांची ऊब वर येते. शेण उघड्या उकिरड्यावर टाकीत नाहीत. बांधलेल्या ओट्यावर रचतात, पाझर खड्ड्यात धरतात.

एका घरी त्यांची तुकडी दहाबारा दिवस राहिली होती. घरचा म्हातारा हातवारे करून सांगे की पिकाचे दोन भाग होतात, एक माझा, एक मालकाचा. आबा म्हणत, "मला एकदम कळलं. आपली बटई!" इटलीतील ती निमेबटई १९६४च्या कायद्याने नव्याने करण्यास बंद झाली, हे मी अलीकडे वाचले. आपल्याकडे मराठवाड्यात कुळांसाठी हैद्राबाद कुळवहिवाट कायदा १९५० सालीच आला होता. ही गोष्ट आबांस सांगावयास मिळाली असती तर त्यांनी मिशीवरून हात फिरविला असता.

सेनिओ नदीची गोष्ट मात्र त्यांनी एकदा सांगितली. नदी लहानच, आपल्या दुधनेएवढी. परंतु दोन्ही तीरांस पुराकरिता घातलेले उंच मातीचे बांध, आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी बोगदे करून तोफा-बंदुका बसविलेल्या. ९ एप्रिल १९४५च्या सायंकाळी पलटणीने ती ओलांडली. त्याच दिवशी, त्याच बांधावर, निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांस गोळीबारात, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणून पोहोचविले; नंतर एकट्याने शत्रूच्या मशीनगनची ठाणी बंद पाडली; हातास गोळी लागून बंदूक टाकावी लागली तेव्हा हातगोळे फेकले; आणि शेवटी बांधावर उघडे उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना करीत मागच्या कंपन्यांस पुढे बोलाविले. त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील लढाईत सहा हिंदी शिपायांस तो मिळाला, त्यांत दोघे मराठा पलटणीचे: एक नामदेवराव, आणि दुसरे कुलाब्याकडचे, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील, नाईक यशवंत घाडगे, जे १० जुलै १९४४ रोजी तिकडेच कामी आले. इटलीतल्या मोंतोने या गावी २०२३ साली घाडग्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले आहे.

आम्ही विचारले, "आबा, तुम्ही नामदेवरावांना पाहिलं का?" आबा म्हणाले, "पाहिलं नाही. ऐकलं. अंधार पडत होता, धूर होता. वरून गर्जना आली म्हणून आम्ही पाण्यात पाय टाकला. कोणाची ते मागून कळलं." पुष्कळ म्हातारे सैनिक अशा वेळी स्वतःस दोन हात पुढे उभे करतात. आबांनी ते कधी केले नाही. २ ऑगस्ट १९८४ रोजी नामदेवराव पुण्यास वारले. बातमी गावात आली त्या दिवशी आबांनी औत सोडले आणि सायंकाळपर्यंत विहिरीच्या काठावर बसून राहिले. मी तेव्हा १८ वर्षांचा होतो.

१९४६ साली ते परत आले. पंधरा वर्षांची नोकरी झाली नव्हती म्हणून पेन्शन नाही. हाती एकरकमी पैसे, एक कांबळे, बूट, पदके. त्या पैशांत विहीर पाडली आणि इटलीतल्यासारखा खताचा ओटा बांधला. गावात हसले, पुढे तिघांनी तसाच बांधला. मधली दोन वर्षे रझाकारांच्या जाचाची. आबा रात्री गावाच्या वेशीवर पोरांचा पहारा बसवीत, एवढेच त्यांच्या तोंडून निघे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. असो.

आता मुद्द्यावर येतो. १९५४-५५ साली आमच्या भागात खासरा पत्रके तयार झाली. जुन्या मराठवाड्यातील जमिनीचा वाद आजही त्या पत्रकापर्यंत जाऊन थांबतो, हे या कामातल्या माणसास सांगणे नको. गावी नोंद करणारा आला तेव्हा आबांनी सांगितले की कब्जेदार म्हणून माझे व माझ्या बहिणीचे, दोघांचे नाव लिहा. लिहिणारा हसला. बाईचे नाव कशाला, भाऊ आहे ना, तिला कोण काढून देतो? आबांनी पुन्हा सांगितले नाही. जिजी तेथेच ओसरीवर ज्वारी पाखडीत बसली होती. तिने ऐकले, आणि पाखडणे थांबविले नाही.

"मी जर्मनाला भ्यालो नाही," आबा म्हणत, "आणि एका लेखणीवाल्यापुढं गप्प बसलो." हे ते मला सांगत, कारण त्यांच्या घरातला लेखणीवाला मी.

जिजी १९७२च्या दुष्काळानंतरच्या वर्षी वारली. तिच्या नावावर एक गुंठा नव्हता. त्या घरात तिने कोणाकडे काही मागितल्याचे कोणास स्मरत नाही.

१९९२ साली सरकारने लक्ष्मीमुक्ती योजना काढली. खातेदाराने अर्ज केल्यास त्याच्या पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची ती सोय. मी नुकताच दोन वर्षांपूर्वी नोकरीस लागलो होतो. आबा सकाळी पहिल्या एस.टी.ने अंबडास आले, मत्स्योदरीचे दर्शन घेऊन कचेरीत आले आणि माझ्या मेजापुढे इतर पक्षकारांसारखे उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. "आजीचं नाव लावायचं आहे. अर्ज लिही." मी लिहिला. सही करून म्हणाले, "हिचं झालं. आता पोरींचं राहिलं. ते माझ्या मागं तुला करायचं आहे. हक्कसोड घेऊ नको त्यांची." मी होकार दिला. त्या वयात होकार देणे सोपे असते.

आजी २००१ साली गेली. आबा २००९च्या मार्गशीर्षात गेले, पहाटे, अंथरुणाची घडी घालून झाल्यावर. तालुक्यातले दोन म्हातारे माजी सैनिक कोणी बोलाविल्यावाचून आले. चितेपुढे उभे राहून त्यांनी सलाम केला, चहा न घेता निघून गेले.

आता जे लिहावयाचे ते माझ्या लाजेचे आहे. दहाव्याच्या दिवशी वडील व चुलते यांनी मला बाजूस घेतले. दोन आत्या; थोरली जालन्याकडे दिलेली, धाकटी घनसावंगीकडे. त्यांचे संसार बरे चालले होते. चौदाव्यास सगळे जमतील, तेव्हाच अंगठे व सह्या घेऊन मोकळे व्हावे, पुन्हा त्यांस कशाला त्रास, असे ठरले. त्रास हा शब्द अशा प्रसंगी सर्वत्र वापरला जातो. मी तो शेकडो तोंडांतून ऐकला आहे. आणि ज्याला आबांनी सांगून ठेवले होते त्या मी काय करावे? मी हक्कसोडपत्राचा मसुदा लिहिला. सुबक अक्षरात लिहिला. "कोणत्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने" ही ओळ तर माझ्या हाताला इतकी सवयीची होती की ती लिहिताना लेखणी अडखळली नाही.

चौदाव्याच्या आदल्या रात्री आबांची लोखंडी पेटी उघडली. चुलत्यांस विहिरीच्या वाटणीचा जुना कागद पाहिजे होता. आत पदके होती, त्यांत एक इटलीचा तारा; पलटणीचे नाव कोरलेला कमरपट्ट्याचा बिल्ला होता; आणि नोकरीचे लहान पुस्तक, पावसात भिजून फुगलेले. त्या पुस्तकाच्या पोटात सात कागद निघाले. बेळगावाहून १९४२ साली पाठविलेल्या मनिऑर्डरींच्या त्या पोचपावत्या होत्या. रक्कम, तारीख, आणि घेणाराच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा. ठसा जिजीचा. शाई विटकरी झाली होती, परंतु रेघा मोजता येत होत्या. हे सात कागद त्यांनी बेळगावाहून इटलीत नेले, सेनिओच्या पाण्यातून पलीकडे नेले, परत आणले, आणि ६३ वर्षे पेटीत ठेवले.

मी कारकून. अंगठ्याचा ठसा पाहिला की तो कशाखाली आहे हे आधी पाहण्याची मला सवय. त्या जमिनीच्या संबंधाने जिजीचा सरकारी कागदावर अंगठा उठला तो एवढाच, आणि तो पैसे मिळाल्याबद्दल. आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दोन भाच्यांचे अंगठे व सह्या मी ज्या कागदावर घेणार होतो तो बाहेर माझ्या पिशवीत होता.

मी वडिलांस पावत्या दाखविल्या. तिफणीची गोष्ट त्यांनी माझ्याहून जास्त वेळा ऐकली होती. लहानपणी जिजीच्याच कडेवर ते रानात जात. ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोघींची नावं लाव." चुलत्यांस ते मानवले नाही. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही: विहिरीवरचे इंजिन त्यांनी स्वतःच्या कमाईने बसविले होते, मोसंबीची २०० झाडे त्यांनी लावली होती, आणि वाटण्या झाल्यास तुकडे पडणार. यावर मला त्या रात्री उत्तर देता आले नाही. दीड वर्ष ते माझ्याशी बोलले नाहीत. मसुदा मी चुलीत घातला.

कायदा आमच्या बाजूने होता, परंतु कायद्यामुळे हे झाले असे मी म्हणणार नाही. मुलीस बापाच्या मिळकतीत वारसाहक्क १९५६च्या कायद्यानेच होता; वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून मिळाला; आणि त्या तारखेस बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. इतके असूनही हक्कसोडीचे कागद तहसिलीत येत होते ते येतच होते. ज्या बहिणीस खरोखर सोडावयाचे आहे तिने सोडावे. तो तिचा अधिकार. पण चौदाव्याच्या पंगतीत, भावाच्या दारात, माहेर तुटण्याचे भय मनात धरून उठलेला अंगठा पाहिला की मला ओळखू येतो. माझ्या हाताखालून गेलेल्या किती कागदांवर तो तसा होता, हे मी आता मोजावयास बसत नाही.

वारस नोंदवहीत चौघांची नावे गेली. घरची नोंद म्हणून मी त्या कागदास हात लावला नाही. तलाठ्याने नोंद धरली, नोटिसा निघाल्या, मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केली. २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीची निम्म्याहून अधिक झाडे वाळली. टँकरने पाणी घालून जी वाचली त्या पाण्याच्या खर्चात थोरल्या आत्याने आपला हिस्सा न मागता पाठविला. त्या दिवसानंतर चुलते माझ्या घरी जेवावयास आले. २०१४ साली धाकट्या आत्याचे यजमान गेले. सासरची जमीन भाऊबंदांत अडकलेली. पेरणीस पैसा नाही. तेव्हा माहेरच्या सातबाऱ्यावर नाव होते म्हणून तिला गावच्या सोसायटीतून पीककर्ज मिळाले.

त्या कामासाठी ती अंबडास आली होती. उतारा मीच काढून दिला. तिला वाचता येते. तिने कागद डोळ्यांजवळ धरून एकेक ओळ पाहिली. बोट वर सरकवीत आबांच्या नावापाशी आली आणि थांबली.

"याला हे दोन्हीकडून काय केलंय?"

मी म्हटले, "कंस. माणूस गेला की तसं करतात."

"खोडत नाहीत का?"

"नाही."

तिने उताऱ्याची घडी घातली. कडा जुळल्या नाहीत म्हणून उलगडून पुन्हा घातली, आणि कागद पिशवीत ठेवून सोसायटी बंद होण्याच्या आत पोहोचावे म्हणून उठली.